कठीण काळात कोणतं वचन हाताशी आलं?

आमच्या घरातलं पवित्र शास्त्र दोनदा बांधून घेतलेलं आहे. एकदा आजीनं, एकदा मी. सुरुवातीच्या कोऱ्या पानावर तीन पिढ्यांचे जन्म, बाप्तिस्मे, लग्नं आणि मृत्यू वेगवेगळ्या शाईत लिहिलेले आहेत. आजी चाळिशीपर्यंत निरक्षर होती. आमच्या नगर भागात तेव्हा बायबलबाया, म्हणजे शास्त्र वाचून दाखवणाऱ्या ख्रिस्ती बाया, घरोघर जायच्या. त्यांच्यातल्या एकीनं तिला मुळाक्षरं शिकवली. आजीनं न अडखळता वाचलेलं पहिलं वाक्य 23व्या स्तोत्रातलं: 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.' घरात तर रोजच उणं पडत होतं. एकदा मी तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "अगं, उणं पडलं म्हणजेच म्हणायचं असतं ते. भरल्या कणगीपुढं कोण म्हणतं?"

गेली अडीच वर्षं माझे यजमान डायलिसिसवर आहेत. मंगळवार आणि शुक्रवार, दर वेळी चार तास. मी बाहेरच्या बाकावर बसते. 121वं स्तोत्र लहानपणापासून पाठ होतं, पण कळलं ते त्या बाकावर. आपल्याला राखणाऱ्याला डुलकीसुद्धा येत नाही, असं त्यात आहे. मला येते. पहिले काही महिने डोळा लागला की जाग आल्यावर अपराधी वाटायचं. आता वाटत नाही. जागं राहायचं काम दुसऱ्या कुणाकडे आहे म्हटल्यावर मी झोपू शकते.

तुमचे अनुभव लिहा. चमत्कारच सांगा असा आग्रह नाही. जे बरं झालं नाही तेही लिहा. वचन कोणतं, कधी आठवलं आणि त्यानं नेमकं काय केलं, एवढं पुरे. ख्रिस्ती नसलात तरी लिहा. नावं नकोत, गाव आणि काम सांगितलंत तर बरं.

शेतकरी, जालना जिल्हा

सलाम ताई. आमचे पणजोबा रेव्ह. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या बेथेलला येऊन राहिलेले. तेव्हापासून आम्ही इथलेच.

1972 ला मी दहा वर्षांचा होतो. आई-वडील दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खायच्या. रात्री वडील कंदिलाच्या उजेडात हबक्कूक काढायचे. तीनच अध्यायांचं पुस्तक आहे. शेवटी शेवटी तो संदेष्टा काय काय गेलं ते एकेक करून सांगतो: अंजीर फुललं नाही, वेलीला द्राक्ष नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात दाणा नाही, मेंढवाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरं नाहीत. आणि मग 'तरी' येतो. तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, म्हणतो.

वडील अंजिराच्या जागी बाजरी म्हणायचे आणि जैतुनाच्या जागी करडई. शास्त्रातला शब्द बदलू नये हे त्यांना माहीत होतं. पण करडई म्हटलं की आई मान वर करून ऐकायची.

2012-13 ला माझी तीनशे झाडं मोसंबीची जळाली. उन्हाळाभर टँकर विकत घेतले, शेवटी पैसाही संपला अन् पाणीही. बैलजोडी त्याच्या आधीच विकली होती. झाडं तोडायला माणसं लावली त्या रात्री मी तोच अध्याय काढला आणि 'तरी'पाशी थांबलो. पुढं वाचवेना. सात-आठ महिने मी त्या 'तरी'च्या अलीकडंच होतो, खोटं कशाला लिहू? माझी मंडळी काही बोलली नाही. रोज रात्री मी थांबलो की पुढचं वाक्य ती वाचायची. माझ्या वाटणीचं.

एक गोष्ट वडील फार अभिमानानं सांगायचे. शास्त्रातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 11व्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो की तुम्ही सोडून आलात तो मिसर देश पाणी देऊन पिकवायचा होता. तुम्हाला मिळणार तो देश आभाळाच्या पाण्यावर पिकतो. म्हणजे देवानं आपल्या माणसांना बागायती सोडायला लावून कोरडवाहू दिली! आपल्या मराठी शास्त्रात पुढं 'आगोटीचा व वळवाचा पाऊस' असे शब्द आहेत. त्या देशातला पहिला पाऊस दिवाळीच्या सुमाराला आणि शेवटचा मार्च-एप्रिलात, त्यामुळं महिन्यांचा मेळ आपल्याशी बसत नाही. पण वर बघत बसणं तेच आहे.

परिचारिका, शिक्षण मिरजेत, नोकरी पुण्यात

माझं वचन दोन शब्दांचं आहे. 'येशू रडला.' योहान, अध्याय 11, वचन 35. शब्बाथ शाळेत पाठांतर झालं नसलं की आम्ही सगळी मुलं हेच म्हणून दाखवायचो. बाई रागवायच्या.

2021 च्या एप्रिलमध्ये आमच्या वॉर्डात एका रात्रीत चार जण गेले. नातेवाईक आत येऊ शकत नव्हते. मी मोबाईल धरून उभी राहायचे, पलीकडून लेकीसुना हाका मारायच्या. पीपीईच्या आत रडलं की चष्म्यावर वाफ धरते आणि डोळे पुसता येत नाहीत, म्हणून रडायचंही नाही असं मी ठरवून टाकलं होतं. पुढं पुढं काही वाटेनासंच झालं, आणि त्याचीच मला भीती वाटायला लागली. एका पहाटे कपडे बदलायच्या खोलीत हे दोन शब्द आठवले. मेलेल्या लाजराला उठवायला निघालेला, त्याला उठवता येणार हे ठाऊक असलेला येशू, आणि तोही कबरेकडे जाताना रडला. मी खाली फरशीवर बसले आणि खूप रडले. मग हात धुतले आणि बसस्टॉपवर गेले. रुग्णांना मी कधी शास्त्र ऐकवलं नाही, तिथं ते माझं काम नव्हतं. ते माझ्यासाठी होतं.

वसई, भाजीचा व्यवसाय

आम्ही कॅथलिक. माझ्या आजीनं निम्मं आयुष्य लॅटिन मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली उपासना, ऐकली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1965 नंतर, मिस्सा मराठीत आली तेव्हा ती म्हणाली होती की देव इतका साधा बोलतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी चौदा वर्षं दारू प्यायलो. थांबलो ते एका वाक्यानं, असं म्हणणार नाही. थांबलो ते दारू सोडणाऱ्यांच्या बैठकांना जाऊन आणि बायकोच्या सोसण्यावर. पण मत्तयातलं 'अहो कष्टी व भाराक्रान्त जनहो' हे एका मयताच्या वेळी कानावर पडलं आणि 'विसावा' हा शब्द सुटेना. आमच्या बायका टोपल्या डोक्यावर घेऊन पहाटेच्या गाडीला जायच्या. आईची टोपली उतरवायला मी हात लावायचो, तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज निघायचा तो म्हणजे विसावा. टोपली उद्या परत उचलायची असतेच. मला दारू कायमची सोडायची आहे या विचारानंच धडकी भरायची. आजच्यापुरती टोपली खाली ठेव, असं म्हटलं की जमायचं. नऊ वर्षं झाली.

शेतकरी, जालना (वसईच्या दादांना)

दादा, त्याच्याच पुढं 'माझे जू सोयीचे' असं आहे बघा. जू एकट्याच्या मानेवर नसतं. नवा खोंड शिकवायचा तर जोडीला मुरलेला बैल जुंपतात. ओढ त्याची असते, खोंड नुसता बरोबर चालतो.

गृहिणी, सोलापूर

चार दिवस सगळ्यांचं वाचते आहे. लिहू की नको, असं चाललं होतं.

माझा धाकटा मुलगा 19 वर्षांचा असताना अपघातात गेला. घरी भेटायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकानं मला शास्त्रातल्या ईयोबाचं, ज्याची मुलंबाळं अन् सगळं गेलं त्याचं, एकच वाक्य ऐकवलं: परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले. माणसं चांगली होती, प्रेमानंच म्हणत होती. पण दर वेळी वाटायचं, कुणीतरी दार बाहेरून ओढून घेतंय. मी शास्त्र कपाटात वर ठेवून दिलं. रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चला, जायचे, कारण न गेले तर आणखी माणसं घरी आली असती.

आमच्या पाळकबाई मात्र आल्या आणि काही बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन मेथीची जुडी निवडली, चार भाकरी टाकल्या, माझ्याशेजारी बसल्या, संध्याकाळी गेल्या. दुसऱ्या दिवशी परत. असं आठवडाभर. दोनेक महिन्यांनी मीच त्यांना विचारलं, तुम्ही का नाही ते वाक्य म्हणालात? त्या म्हणाल्या, "ते ईयोबानं स्वतःच्या दुःखाबद्दल म्हटलंय. दुसऱ्याच्या दारात जाऊन नाही म्हटलं. तू दुसऱ्या अध्यायाचा शेवट वाच." तिथं आहे की त्याचे मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. एकही शब्द बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. त्यानंतर मात्र त्यांनी तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं.

मग मी पूर्ण पुस्तक वाचलं. तिसऱ्या अध्यायात ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. हे आम्हाला कुणी मंडळीत वाचून दाखवलं नव्हतं. तो देवाला जाब विचारतो, कज्जा मांडतो, ओरडतो. 'धीर धरणारा ईयोब' म्हणतात तो हाच का, असं मला झालं. आणि शेवटी, 42व्या अध्यायात, देव रागावतो तो मित्रांवर. माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, असं म्हणतो. देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले आणि देवाशी भांडणारा नीट बोलला. मी त्या रात्री ते तीनदा वाचलं.

देवानं ईयोबाला कारण सांगितलं नाही. मलाही सांगितलेलं नाही. पण तो आला आणि बोलला. माझ्याशी तो असा कधी बोललेला नाही, पण भांडायची मुभा आहे एवढं मला कळलं आणि मी परत प्रार्थना करू लागले. पहिल्या पहिल्या प्रार्थना इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

आणखी एक, हेही पाळकबाईंचंच. शेवटी ईयोबाची मेंढरं, उंट, बैल सगळं आधीच्या दुप्पट झालं, मोजून दिलंय. मुलं मात्र दुप्पट नाहीत. आधी सात मुलगे तीन मुली होत्या, नंतरही सात आणि तीनच. त्या म्हणाल्या, "पहिली दहा मोजणीतून गेलेलीच नाहीत, म्हणून." पंडित याला काय म्हणतील ठाऊक नाही. कुणी मला मुलं किती विचारलं तर मी दोन सांगते.

धागाकर्ती, नगर

ताई, ते वाक्य मीही लोकांच्या दारात म्हटलेलं आहे. एकदा नाही, बऱ्याचदा. आज त्यातली दोन घरं आठवली. क्षमा असावी. यातल्या एका घरी मी रविवारी जाणार आहे.

निवृत्त शिक्षिका, पुणे (मूळ केडगाव)

माझी आजी 1900 च्या दुष्काळात अनाथ झाली आणि पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. पुढं तिथल्याच छापखान्यात ती अक्षरांचे खिळे जुळवायची. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं शास्त्र सोप्या मराठीत आणत होत्या, कारण आधीचं भाषांतर खेड्यातल्या बाईला पेलत नाही असं त्यांचं मत होतं. छापायचं काम मुलींकडेच. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात. आजी म्हातारपणीही वर्तमानपत्र उलटं धरून सहज वाचायची.

मनोरमाबाई 1921 च्या जुलैमध्ये गेल्या. रमाबाईंची एकुलती लेक, त्यांच्यामागं सगळं सांभाळणार होती ती. आजी सांगायची की मुलींना वाटलं, आता काम थांबणार. रमाबाई पुन्हा मुद्रितं तपासायला बसल्या. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं.

मी कॉलेजात असताना रोमकरांस पत्रातलं 'संकटाने धीर, धीराने शील' हे मला फार कोरडं, शिकवणीसारखं वाटायचं. तिशीत संसार मोडला, एक मुलगी पदरात, पगार तुटपुंजा. तेव्हाही ते वाक्य कोरडंच वाटलं. पण आजीच्या बोटांना शिशाचा काळेपणा असायचा तो आठवायचा. एकेक अक्षर, तेही उलटं. ओळ पुरी होऊन छापून निघेपर्यंत ती काय म्हणते ते नीट दिसतही नाही. मी रोज एवढंच म्हणायचे: आजचा खिळा बसला.

मराठीची प्राध्यापिका, फोंडा

मी हिंदू आहे, माझे वडील भजनी. एम.ए.ला ख्रिस्तपुराण होतं. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये इंग्लंडहून गोव्यात आले, आणि 1616 मध्ये राचोलला हे ओवीबद्ध पुराण छापलं गेलं. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. लोकांनी हातानं नकलून घेतल्या म्हणून ग्रंथ वाचला. वडिलांना पक्षाघात झाल्यावर मी त्यांच्या उशाशी अभ्यासाला बसायचे आणि मोठ्यानं वाचायचे. ओवी कानावर पडली की त्यांचा चांगला हात चादरीवर ठेका धरायचा. वधस्तंभाचा भाग आला तेव्हा त्यांनी खुणेनं विचारलं, कोण हा? मी सांगितलं. पुढच्या दिवशी त्यांनी तेच पान काढायला लावलं. मी ख्रिस्ती झाले नाही, तेही नाही. पण ज्याला आपलं दुखणं ठाऊक आहे असा कुणी खोलीत आहे, असं त्या महिन्यांत आम्हा दोघांना वाटत होतं.

विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

आईची केमो चालू आहे. आम्ही फक्त नाताळला देवळात जाणारे. मला प्रार्थना जमत नाही, शब्दच येत नाहीत. कुठून सुरू करू?

निवृत्त शिक्षिका, पुणे

बाळा, 13वं स्तोत्र काढ. सहाच वचनं आहेत. दाविदानं त्यात देवाला 'कुठवर?' असं चार वेळा विचारलंय. तुझे शब्द नसले तर त्याचे घे. मनात नको, मोठ्यानं वाच.

विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

वाचलं. मला वाटलं आई झोपली आहे. तिनं डोळे मिटूनच सांगितलं, ते 'कुठवर' परत वाच.