आईला डायसायक्लोमिन सुरू केल्यापासून अंधुक दिसतंय, लघवीला त्रास होतोय. गोळीमुळेच का?

मृण्मयी
नमस्कार. आई ७१ वर्षांची आहे. आयबीएसमुळे (आतड्याचा जुनाट त्रास, ज्यात वारंवार पोट दुखतं आणि शौचाचं बिघडतं) पोटात कळा यायच्या म्हणून डॉक्टरांनी डायसायक्लोमिन २० मिग्रॅ दिवसातून तीन वेळा दिलंय. कळा थांबल्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण तोंड इतकं कोरडं पडतं की कवळी हिरडीला घासते आणि बोलताना जीभ टाळूला चिकटते. पेपर वाचता येत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही. टीव्ही मात्र स्वच्छ दिसतो म्हणते. लघवीला बसली की बराच वेळ धारच सुरू होत नाही. काल संध्याकाळी तर तिने मला मावशीच्या नावाने हाक मारली आणि "आज कोण येणार आहे?" असं सारखं विचारत राहिली. असं ती कधीच करत नाही, म्हणून फार घाबरले आहे.

बाकीच्या गोळ्या: पायाच्या मुंग्यांसाठी रात्री ॲमिट्रिप्टिलिन १०, बीपीसाठी ॲम्लोडिपिन, आणि सर्दी झाल्यापासून क्लोरफेनिरामिन. परवा चष्म्याचा नंबर काढायला जायचं ठरलंय. डायसायक्लोमिन अर्धी करून देऊ का? की वयामुळे होतंय आणि हळूहळू सवय होईल?

शुभदा (रुग्णालयात औषधनिर्माती)
मृण्मयी, सवय होण्याची वाट पाहू नकोस. पुढचा डोस देण्याआधी, आजच, डॉक्टरांना फोन कर. लघवी अजिबातच होत नसेल, ओटीपोट टम्म होऊन दुखत असेल किंवा आई आणखी गोंधळली, तर फोनवर न थांबता थेट रुग्णालयात ने.

आता हे सगळं एकदम का झालं ते सांगते. आतड्याच्या स्नायूंना आवळायचा निरोप ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन पोचवतं. डायसायक्लोमिन तो निरोप अडवतं, म्हणून कळ थांबते. पण लाळेच्या ग्रंथी, डोळ्यातला जवळचं बघताना आवळणारा स्नायू, मूत्राशय आणि मेंदू हेसुद्धा याच रसायनावर चालतात. टीव्ही दिसतो आणि पेपर दिसत नाही, हे त्यामुळेच. परवा चष्म्याचा नंबर काढू नका. औषध अंगात असताना काढलेला नंबर नंतर उपयोगाचा राहणार नाही.

मला जास्त काळजी वाटते ती बाकीच्या यादीची. ॲमिट्रिप्टिलिन आणि क्लोरफेनिरामिन ही दोन्हीही ॲसिटिलकोलिन अडवतात. एक मज्जातंतूंसाठी, एक सर्दीसाठी, एक पोटासाठी अशी तीन वेगवेगळी औषधं दिसत असली, तरी या बाबतीत तिन्हींची बेरीज होते. प्रत्येक गोळीचा डोस आपापल्या जागी बरोबर असतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. वाढत्या वयात मूत्रपिंड आणि यकृत औषध सावकाश बाहेर टाकतात आणि मेंदूही अशा औषधांना लवकर बळी पडतो. म्हणूनच वयस्कर माणसांना डायसायक्लोमिन शक्यतो टाळा असं औषधांच्या मार्गदर्शक याद्यांमध्ये सांगितलेलं असतं.

अर्धी गोळी हा उपाय आपल्या मनाने करू नकोस. ॲमिट्रिप्टिलिनही परस्पर बंद करू नकोस, ते एकदम सोडलं तर वेगळा त्रास होऊ शकतो. तिन्ही नावं डॉक्टरांना एका दमात वाचून दाखव आणि काचबिंदू आहे का हेही सांग. काचबिंदू, लघवीच्या मार्गात अडथळा (पुरुषांमध्ये वाढलेली प्रोस्टेट), मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू लवकर थकून दुबळे पडण्याचा आजार), आतड्यात अडथळा यांपैकी काही असेल तर हे औषध देत नाहीत. डोळा लाल होऊन दुखायला लागला आणि दिव्याभोवती वलयं दिसू लागली, तर त्याच क्षणी डोळ्यांचा दवाखाना गाठायचा.

निखिल
मी बऱ्याच वर्षांचा आयबीएसवाला. माझा अनुभव तरुण माणसाचा आहे, तरी दोन गोष्टी सांगतो. सुरुवातीला या गोळीने मला चक्कर आणि झापड यायची, त्यामुळे घेतल्यावर गाडी चालवत नाही. दुसरं म्हणजे उन्हाळा. या गोळीने घाम कमी येतो आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. उन्हात काम करायचं असेल तर मी आधी डॉक्टरांना विचारतो.

शुभदाताई, एक शंका आहे. पोटदुखीच्या तयार गोळ्यांमध्ये डायसायक्लोमिनबरोबर अजून काहीतरी असतं ना?

शुभदा
हो निखिल, आणि पट्टीवरचं मोठं नाव वाचून ते कळत नाही. खाली बारीक अक्षरात असतं. काहींत डायसायक्लोमिनसोबत मेफेनामिक ॲसिड हे वेदनाशामक असतं. त्याने जठराला इजा होऊ शकते, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर ते धोक्याचं. काहींत पॅरासिटामॉल असतं. मग अंगदुखीसाठी वेगळी पॅरासिटामॉल घेतली की नकळत दुप्पट होते. डायसायक्लोमिनसुद्धा असंच दुप्पट होऊ शकतं, एक डॉक्टरांची गोळी आणि एक घरात पडलेली.

ॲन्टॅसिड घेत असाल तर तेही डायसायक्लोमिनबरोबरच घेऊ नका, औषध कमी शोषलं जातं. दोन्हींत किती अंतर ठेवायचं ते विचारून घ्या. अंगावर पाजणाऱ्या आईने हे औषध घ्यायचं नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर कधीच नाही, पोटदुखीचे थेंब म्हणूनही नाही. तान्ह्या बाळांना श्वास अडकण्याचे आणि झटके येण्याचे प्रकार झाले आहेत. हे मी जीव तोडून सांगते, कारण "मोठ्याला दिलं होतं, धाकट्यालाही देऊ" असं म्हणत आया काउंटरवर येतात.

आणि पोट दुखतंय पण सोबत ताप, उलट्या, शौचातून रक्त, किंवा पोट फुगून गॅसही सरत नाही असं असेल, तर कळ दाबणारी कुठलीच गोळी घेऊ नका. आधी तपासणी.

मृण्मयी
शुभदाताई, फोन केला आणि डॉक्टरांनी लगेच बोलावलं. ओटीपोट तपासलं, लघवी पूर्ण साठून अडकलेली नव्हती. डायसायक्लोमिन आणि सर्दीची गोळी दोन्ही बंद केल्या, ॲमिट्रिप्टिलिनबद्दल मुंग्यांच्या डॉक्टरांशी ते स्वतः बोलणार आहेत. आई आता नावं बरोबर घेते, लघवीही मोकळी होते. तोंडाची कोरड थोडी आहे. चष्म्याचं पुढे ढकललं. कळांसाठी मेबेव्हेरिन २०० च्या कॅप्सूल दिल्या आहेत, सकाळ-संध्याकाळ. यानेही तसंच होईल का? आईला कॅप्सूल गिळायला जड जाते, फोडून पाण्यात घालून दिली तर चालेल?

शुभदा
फार बरं वाटलं वाचून. मेबेव्हेरिन आतड्याच्या स्नायूवर थेट काम करतं, त्यामुळे कोरड, अंधुक दिसणं, लघवी अडणं हा प्रकार त्याने सहसा होत नाही. अंगावर पुरळ आलं किंवा चेहरा सुजला तर मात्र थांबवून कळवायचं. कॅप्सूल फोडू नकोस, चावूही देऊ नकोस. २०० ची कॅप्सूल औषध हळूहळू सुटावं अशी बनवलेली असते. जेवणाआधी साधारण वीस मिनिटं, सरळ बसवून, आधी एक घोट पाणी पाजून तोंड ओलं कर, मग कॅप्सूल आणि भरपूर पाणी. तरीही गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांग, १३५ ची साधी गोळी मिळते, ती दिवसातून तीनदा असते. पुन्हा सर्दी झाली तर औषध घेण्याआधी मला किंवा जवळच्या औषधनिर्मात्याला आईची पूर्ण यादी दाखव.