शनिवारचं पोकर: सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा वाढली म्हणून एकत्र

बी-४०३: शनिवारी रात्री साडेआठला आमच्याकडे पोकर. सहा जण नक्की, दोन जागा रिकाम्या. कोण येतंय?

ए-१०२: मी येतो. पैसे लावायचे का?

बी-४०३: नाही, नुसत्या चिप्स. प्रत्येकाला १००, ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी दोघांनी लावायच्या चिप्स) १ आणि २. संपल्या तर एकदाच परत मिळतील, तेही पहिल्या दीड तासात. चिप्सची पेटी एकाच माणसाकडे राहील. शेवटी सगळ्यांच्या मिळून जितक्या वाटल्या तितक्याच भरल्या पाहिजेत.

सी-२०१: पैशांशिवाय कसली मजा हो? थोडे तरी लावू.

बी-४०३: माझ्या घरी नाही दादा. तुमच्याकडे खेळाल तेव्हा रक्कम बोलावतानाच सांगा, म्हणजे ज्याला झेपत नाही तो येणारच नाही. टेबलावर बसल्यावर आकडा वाढवला की चारचौघांत नाही म्हणायला जीभ रेटत नाही. आणि यजमानाने पॉटमधून (डावात मधे जमलेल्या रकमेतून) स्वतःचा वाटा काढला तर तो मित्रांचा डाव नाही, अड्डा झाला.

सचिव: क्लब हाउसमध्ये पैशांचा खेळ चालणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो.

ए-१०२: मला तीन पत्ती येते, पोकर कच्चं आहे. पानं सारखी आली तर इस्पिकवाला जिंकतो ना?

बी-४०३: नाही! दरवेळी इथेच ठिणगी पडते. टेबलावर सगळ्यांची सामाईक पाच पानं एक्का, राजा, नव्वी, सत्ती, चव्वी वेगवेगळ्या रंगांची आहेत आणि तुम्हा दोघांच्याही हातात एक्का-राणी आहे असं धरा. दोघांचाही हात तोच: एक्क्यांची जोडी, मग राजा, राणी, नव्वी. पॉट निम्मा-निम्मा. तुमची राणी इस्पिकची असो की किलवरची, फरक शून्य. आणि इथे फ्लश (पाचही एका रंगाची) स्ट्रेटच्या (ओळीने पाच) वर, फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी) फ्लशच्या वर. तीन पत्तीत तीन एक्के म्हणजे संपलं. इथे साध्या स्ट्रेटनेही ते हरतात.

डी-६०४ काकू: माझी भर. ‘कॉल’ (समोरच्याइतक्याच चिप्स लावणं) म्हणालात की तो कॉलच. ‘कॉल... आणि वर वीस’ नको. आकडा तोंडाने सांगा, नाहीतर सगळ्या चिप्स एकदम पुढे सरकवा. थोड्या टाकायच्या, समोरच्याचा चेहरा बघायचा आणि मग अजून टाकायच्या, हे मला अजिबात खपत नाही. समोर कुणाची बेट (लावलेल्या चिप्स) असताना न बोलता एकच मोठी चिप टाकली तर तोही कॉलच धरायचा. आणि चिप्स पॉटवर उधळू नका, आपल्यापुढे रचा. मोजता येत नाहीत हो नंतर.

ए-१०२: ऑल-इनचं (सगळ्या चिप्स लावल्या तर) काय? एकाकडे कमी असतील तर?

डी-६०४ काकू: एकाकडे ४०, दोघांकडे १००-१००, तिघेही ऑल-इन. मुख्य पॉट १२० (तिघांचे ४०-४०), बाजूचाही १२० (दोघांचे उरलेले ६०-६०). चाळीसवाल्याचा हात सगळ्यांत भारी असला तरी त्याला मुख्य पॉटच. बाजूचा उरलेल्या दोघांमध्ये.

सी-२०१: फोल्ड केलेल्याने (पानं टाकून डाव सोडलेल्याने) शेजाऱ्याला सल्ला दिला तर?

बी-४०३: त्याला पुढच्या डावात पत्ते पिसायला बसवायचं 😄 खरं सांगायचं तर फोल्ड केलेल्याने आपण काय टाकलं हेसुद्धा बोलू नये. फ्लॉपवर (पहिल्या तीन सामाईक पानांत) दोन अठ्ठ्या आल्या आणि कुणी ‘अरेरे’ म्हणून कपाळावर हात मारला, की तिसरी अठ्ठी कुठे गेली ते अख्ख्या टेबलाला कळतं. डावात जो अजून आहे त्याचं नुकसान.

डी-६०४ काकू: आणि जिंकणारा हात माहीत असताना मुद्दाम रेंगाळत एकेक पान उलटणारे! नियमात बसतं, पण पुन्हा बोलावणार नाही मी.

बी-३०३: खाली आम्ही राहतो. लेकीची सोमवारी परीक्षा आहे. खुर्च्या सरकवल्याचा आवाज थेट येतो.

बी-४०३: ताई, खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लावतो. बरोबर अकराला शेवटचा फेरा जाहीर करू, डीलर बटण (वाटणाऱ्याची खूण) टेबलभर एकदा फिरलं की बंद. हरलेल्यांनी ‘अजून एकच’ म्हणायचं नाही. जिंकणाऱ्याला आधी निघायचं असेल तर त्याने बसतानाच सांगावं.

सी-२०१: ठीक आहे, चिप्स तर चिप्स. माझी आठवी जागा धरा.