औषधचाचणीत केआय-६७ची मोजणी संगणकावर सोपवावी का?

प्रश्न (रावपुरा_वाचक):
सप्रेम नमस्कार. वडोदऱ्यातील एका औषध संशोधन प्रयोगशाळेत मी स्लाइड तयार करण्याचे काम पाहते. स्तनाच्या कर्करोगावरील औषधाच्या आगामी चाचणीत गाठीतील किती टक्के पेशी केआय-६७ या (विभागत असलेल्या पेशींत आढळणाऱ्या) प्रथिनासाठी रंगल्या आहेत, यावरून रुग्ण निवडण्याचा विचार चालू आहे. साधारण १० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान आमच्या दोन पॅथॉलॉजिस्टांचे आकडे जुळत नाहीत, म्हणून स्लाइड स्कॅन करून मोजणी संगणकाकडे द्यावी असे सुचवण्यात आले आहे. त्याने आकडा खरोखर विश्वासार्ह होतो का?

उत्तर (अलकापुरीतील पॅथॉलॉजिस्ट):
ताई, स्कॅन केलेली प्रतिमा कितीही वेळा दिली तरी संगणक तोच आकडा देतो आणि हजारो पेशी न थकता मोजतो, हा लाभ मोठाच आहे. परंतु काय मोजायचे, हे माणसांनीच ठरवावे लागते. रंगलेल्या पेशी जिथे सर्वाधिक दाटल्या आहेत तेवढाच भाग घ्यायचा की संपूर्ण गाठीची सरासरी, एवढ्या निर्णयावरून एकाच रुग्णाचा आकडा २० टक्क्यांच्या वर किंवा खाली जाऊ शकतो. वाढत असलेले लिम्फोसाइटही (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) केआय-६७साठी रंगतात; ते कर्कपेशींत धरले गेले तर आकडा फुगतो, आणि न रंगलेले लिम्फोसाइट एकूण पेशींत मिसळले तर तो घटतो.

याहून महत्त्वाचा मुद्दा मला उंबरठ्याचा, म्हणजे किती टक्क्यांपासून रुग्ण घ्यायचा त्या आकड्याचा, वाटतो. अबेमासिक्लिब हे औषध आजार परतण्याचा धोका जास्त असलेल्या, प्रारंभिक टप्प्यातील रुग्णांसाठी २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) मान्य केले, तेव्हा केआय-६७ किमान २० टक्के असण्याची अट होती. २०२३ मध्ये ती काढण्यात आली, कारण केआय-६७ जास्त असणाऱ्यांत धोका अधिक दिसत असला, तरी औषधाचा लाभ कमी केआय-६७ असणाऱ्यांनाही होत होता. आजार किती आक्रमक आहे हे सांगणारी खूण औषध कोणाला लागू पडेल हेही सांगेलच, असे नाही. तुमच्या चाचणीत हा संबंध अजून सिद्ध झालेला नसेल, तर मोजणी जरूर करावी, पण तिच्यावरून कोणाला वगळू नये.

उत्तर (हिस्टो_वडोदरा):
वरील मताशी सहमत आहे. मात्र अडचण बहुधा स्कॅनरच्या आधीच सुरू होते. दाहोद किंवा छोटा उदेपूरहून आलेला नमुना फॉर्मॅलिनमध्ये (ऊतक टिकवणाऱ्या द्रावणात) केव्हा पडला आणि किती काळ राहिला, हे फॉर्मवर असतेच असे नाही. स्तनाच्या नमुन्यांसाठी तासाभराच्या आत फॉर्मॅलिन आणि मग ६ ते ७२ तास, अशी मर्यादा अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांत दिली आहे. ती पाळली गेली नाही तर रंग फिका पडू शकतो, आणि फिक्या रंगाचे कारण संगणकाला कळत नाही.

रावपुरा_वाचक:
आभारी आहे. आमच्याच स्लाइडवर प्रोग्रॅम शिकवून त्याच स्लाइडवर तपासला तर चालेल का?

उत्तर (अलकापुरीतील पॅथॉलॉजिस्ट):
नाही. शिकवण्यासाठी वापरलेल्या स्लाइडवर तो चांगलाच दिसणार. पडताळणीसाठी दुसऱ्या रुग्णालयांच्या, शक्यतो वेगळ्या स्कॅनरवर घेतलेल्या स्लाइड बाजूला ठेवाव्यात, आणि चाचणीचे निष्कर्ष उघडण्याआधी प्रोग्रॅमची आवृत्ती व उंबरठा दोन्ही लेखी गोठवावेत. संगणकाने कर्कपेशी म्हणून रेखलेला भाग प्रत्येक स्लाइडवर पॅथॉलॉजिस्टने पाहून सही करावी. आकडा त्यानंतरच नोंदवावा.