सॉफ्टवेअर नंतर, आधी दाखल नोंदवही

ग्रंथालय, दप्तरखाना आणि संग्रहालय यांनी एकच सॉफ्टवेअर घेतलं की तिघांकडे विखुरलेला संग्रह एकत्र शोधण्याचा प्रश्न मिटेल, असं सुचवलं जातं. मला नाही पटत. ग्रंथालय एकेक पुस्तक नोंदवतं, संग्रहालय एकेक वस्तू, आणि दप्तरखान्यात बरेचदा अख्खा रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) हीच एक नोंद, आत कागद कितीही असोत. ही मुरलेली सवय पडद्यावरचे रकाने सारखे केल्याने जात नाही. तंजावरच्या मराठे राजांचे मोडी कागदच बघा ना: काही सरस्वती महाल ग्रंथालयात, काही तिथल्याच तमिळ विद्यापीठात, काही चेन्नईच्या पुराभिलेखागारात. मुळात एकाच दरबाराचं दप्तर!

आमच्या वाचनालयाकडे एका वाड्यातला संग्रह आला, तेव्हा पोथ्या कपाटात, पत्रं ट्रंकेत आणि शिक्के काचेच्या पेटीत गेले. दाखल नोंदवह्याही (काय आलं ते टिपायच्या वह्या) तीन. फक्त प्रत्येकीत ‘कोणाकडून’ या रकान्यात त्या देणगीचा एकच क्रमांक लाल शाईने टाकला. (सेक्रेटरींना ते खाडाखोड वाटलं होतं.) आता पत्रावर उमटलेला शिक्का कोणता, हे बघायला पेटीपर्यंत जायला वेळ लागत नाही. संगणक आमच्याकडे त्यानंतर आला, आणि तोच क्रमांक त्यात चढवला.