‘फीड क्वालिटी’ला मराठीत काय म्हणायचं?

अक्षरवेडा: तृणधान्यांच्या ब्रीडिंगवरचा लेख मराठीत करतोय. फूड क्वालिटी, फीड क्वालिटी दोन्हीकडे ‘गुणवत्ता’ लिहिलं आणि अडकलो. बार्लीतलं बीटा-ग्लुकन हे तंतुमय द्रव्य माणसाचं कोलेस्टेरॉल कमी करतं म्हणून ते वाढवायचं, आणि कोंबडीच्या आतड्यात तेच चिकट होऊन पचन बिघडवतं म्हणून खाद्यासाठी कमी करायचं, मग ‘उत्तम गुणवत्तेची बार्ली’ कुणासाठी उत्तम? शिवाय फीडला ‘चारा’ लिहिलेलं एकाने खोडलं.

रानवारा: बरोबरच खोडलं. चारा म्हणजे वैरण, पाला, ताटं. दाणा, पेंड, भरडा हा खुराक.

तिसरा डोळा: खुराक फारसी, आणि तो माणसाचाही असतो. पशुखाद्य लिहा.

रानवारा: पशुखाद्य पोत्यावर छापतात हो, गोठ्यात बोलताना खुराकच.

शब्दवेल्हाळ: क्वालिटीला ‘कस’ घ्या ना. मक्यात ओपेक-2 जनुकामुळे लायसिन हे अन्नातूनच मिळवावं लागणारं अमिनो आम्ल वाढतं हे 1964 साली पर्ड्यू विद्यापीठातून पुढे आलं, कारण झीन हे लायसिन जवळपास नसलेलं प्रथिन त्यात कमी होतं. पण दाणा खडूसारखा पिठूळ झाला, वजनाला हलका, कीडही लवकर लागायची. म्हणजे कस वाढला आणि प्रत घसरली! पुढे मेक्सिकोत सिमिट या मका-गहू संशोधन केंद्रात सुरिंदर वसल आणि इव्हान्जेलिना व्हिलेगास यांनी लायसिन राखून दाणा परत टणक केला, त्यांना 2000 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडे कस आणि प्रत असे दोन शब्द आहेत तर दोन्ही वापरा की, एका ‘गुणवत्ते’त सगळं कशाला कोंबायचं?

तिसरा डोळा: कस हा कसोटीतला, संस्कृत ‘कष’, घासणे. सोन्याचा शब्द आहे, धान्याला ओढून लावताय.

रानवारा: जमिनीचा कस म्हणतो तेव्हा काय घासतो?

अक्षरवेडा: बरं, फायटेट या संयुगाचं सांगा. दाण्यातला बराचसा फॉस्फरस त्यात अडकतो, डुकरा-कोंबड्यांना नीट पचत नाही, विष्ठेतून जातो आणि शेवटी पाणी खराब करतो, म्हणून लो-फायटेट वाण काढले. एकूण फॉस्फरस साधारण तेवढाच, वापरता येतो तो जास्त. हाही कसच का?

शब्दवेल्हाळ: ‘अंगी लागणं’! याहून नेमकं काही नाही.

तिसरा डोळा: शास्त्रीय लेखात? आणि ब्रीडिंगला पैदास लिहू नका, तेही फारसीच. प्रजनन लिहा.

रानवारा: ब्रीडर सीडला ‘पैदासकार बियाणे’ केव्हाचं रूढ आहे, त्याला प्रजननकार बियाणे म्हणायचं का आता?

तिसरा डोळा: रूढ आहे म्हणून योग्य ठरत नाही. ‘वाण’ तरी कुठून आला, सांगा बघू.