अंगावरचं दूध काढायचा पंप घेतला की नोकरदार आईची झोप पुरी होते?

मेघना_ठाणे
परवा इथे एकाने लिहिलं: ब्राच्या कपात बसणारा वेअरेबल पंप घ्या, रात्रीची बाटली नवऱ्याच्या हाती द्या आणि निवांत झोपा, ज्यांना एवढं जमत नाही त्या बायका हट्टी असतात. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

रात्री दोनला बाटली बाबांनी पाजली तरी छाती भरायची थांबत नाही. दूध तयार करणारं संप्रेरक, प्रोलॅक्टिन, रात्रीच जास्त असतं. दूध काढलं नाही तर छाती दगडासारखी होते, ठणकते, आणि रोजच तुंबत राहिलं तर दूध कमी होत जातं. म्हणजे आई उठणारच. दोन्ही बाजूंना एकदम पंप लावला तरी १५-२० मिनिटं, मग दूध ओतून फ्रिजमध्ये ठेवणं, मग सगळे भाग धुणं. अंगावर पाजताना हे ओतणं-धुणं नसतं. २००७ च्या अमेरिकन अभ्यासात मनगटावरच्या यंत्राने झोप मोजली होती. रात्री अंगावर पाजणाऱ्या घरांत आईबापांना फॉर्म्युलावाल्यांपेक्षा (डब्यातलं पावडरचं दूध पाजणाऱ्यांपेक्षा) सरासरी ४०-४५ मिनिटं जास्त झोप मिळाली.

प्रसाद_नाशिक
एका अभ्यासावर एवढा इमला नको. २०१० मध्ये 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास वाचा. फक्त अंगावरचं, फक्त फॉर्म्युला आणि दोन्ही मिळून, अशा तिन्ही गटांत आयांच्या झोपेत फरक सापडला नाही. शिवाय आपल्याकडे रजा २६ आठवड्यांची. बाई कामावर परतते तेव्हा बाळ वरचं खायला लागलेलं असतं आणि दूध न काढता पाच-सहा तासांचा खंड बऱ्याच जणींना झेपतो. साडेदहाला पंप करून झोपायचं, पहाटे चारपर्यंत बाळ नवऱ्याकडे. मधलं पंपिंग एकदम तोडायचं नाही, दर दोन-तीन दिवसांनी दोन-तीन मिनिटं कमी करत जायचं. पंपाशिवाय हे होणार आहे का?

मेघना_ठाणे
२६ आठवडे कुणाला मिळतात हो? घरकामवाल्यांना? अ‍ॅपवर काम करणाऱ्या मुलींना? तिसऱ्या मुलाला तर कायद्यानेच १२. आणि तुमच्याच अभ्यासातले तीन गट पुन्हा पाहा, त्यात पंपवाल्यांचा वेगळा गट कुठे आहे? जे मोजलंच नाही त्याच्या जोरावर बायकांना हट्टी म्हणायचं नाही.

स्वाती_स्तनपान_सल्ला
तुम्ही दोघंही पंप धड चालतोय असं धरून बोलताय. झोप जाते ती २० मिनिटांचं काम ४० मिनिटं चाललं म्हणून. खोक्यात बहुतेक वेळा २४ मिमीचा फ्लँज (स्तनावर बसणारं नरसाळं) येतो. स्तनाग्राची रुंदी बुडाशी मिलिमीटरमध्ये मोजा आणि जवळपास तेवढाच, फार तर दोन-तीन मिमी मोठा घ्या. कित्येकींना १७ ते २१ लागतो. मोठा घेतला की भोवतालचा काळा भाग आत ओढला जातो, सूज येते, दूध अडतं. दुसरं, डकबिल व्हॉल्व्ह, म्हणजे बदकाच्या चोचीसारखी मऊ झडप. त्याची चीर आपोआप मिटत नसेल तर ओढ गेलीच. दिवसाला तीन-चार वेळा पंप होत असेल तर महिन्या-दोन महिन्यांत बदला. लोक मोटर गेली समजून अख्खा पंप नवा घेतात! वेअरेबलमध्ये स्तनाग्र मधोमध बसलंय का हे नीट दिसत नाही, पुढे वाकलं की दूध सांडतं. पहिल्या दीड महिन्यात भरवशाचा पंप म्हणून तो नकोच. ऑफिसात दर वेळी धुणं टाळायला भाग बंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा.

नवजात_कक्ष_सिस्टर
शेवटचं वाक्य कृपा करून मागे घ्या. २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनियात २९ व्या आठवड्यातच जन्मलेल्या बाळाला क्रोनोबॅक्टर या घातक जंतूचा संसर्ग झाला होता आणि तो जंतू पंपाच्या भागांवर सापडला. भाग साबणाच्या पाण्यात तासन्‌तास भिजत ठेवलेले होते. भाग सिंकमध्ये ठेवायचे नाहीत, वेगळं घमेलं आणि वेगळा ब्रश. दर वापरानंतर लगेच वाहत्या पाण्यात विसळा, गरम साबणपाण्यात घासा, पुन्हा विसळा, मग हवेवर पूर्ण वाळू द्या. भांड्याच्या फडक्याने पुसायचं नाही. दोन महिन्यांच्या आतलं किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर रोज एकदा उकळा.

स्वाती_स्तनपान_सल्ला
सिस्टर, मी सहा महिन्यांच्या धडधाकट बाळाबद्दल बोलतेय, एनआयसीयूतल्या (नवजात अतिदक्षता विभागातल्या) बाळाबद्दल नाही. प्रत्येक आईला जंतूंची भीती घातलीत तर ती पंपच सोडेल!

नवजात_कक्ष_सिस्टर
भीती नाही घालत, पद्धत सांगतेय. इथे वाचणारीचं बाळ किती दिवसांचं आहे हे तुम्हाला दिसतं का? भागांचे दोन-तीन संच घ्या, ऑफिसात प्रत्येक वेळी स्वच्छ संच काढा, वापरलेला विसळून वेगळ्या पिशवीत, घरी एकदम धुवा. फ्रिजची युक्ती मला मान्य नाही.

स्वाती_स्तनपान_सल्ला
बरं, जास्तीचे संच परवडत असतील तर तेच बरं. पण त्या संचांची किंमतही सांगत जा बायकांना.

प्रसाद_नाशिक
मूळ मुद्दा झोपेचा होता. ते घरचं धुणं नवऱ्याने करायचं, एवढं तरी सगळे मान्य करा.

मेघना_ठाणे
ते मान्य. साडेदहाचं पंपिंगही मान्य, पण सहा महिने पुरे झालेल्या आणि रजा मिळालेल्या बाईपुरतंच. दिवसाचं काय? ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे बाळाकडे जायची मुभा कायद्यात आहे. विरारहून चर्चगेटला लोकलने येणारी बाई तान्हं बाळ आणणार कसं? तिला कडी लागणारी खोली आणि प्लग हवा. अमेरिकेत २०२२ च्या पंप कायद्याने बाथरूम सोडून आडोशाची जागा द्यावी लागते, बाळ वर्षाचं होईपर्यंत. इथे बायका शौचालयात उभ्याने पंप करतात आणि दुपारचं काढायचं राहिलं की रात्री गाठी घेऊन जागतात. त्या जागरणाला हट्ट म्हणणाऱ्याने आधी ऑफिसात खोली मागावी.

प्रसाद_नाशिक
खोलीची मागणी रास्त आहे, त्यावर माझा वाद नाही. तोवर लोकलवाल्यांसाठी: बाहेर २५ अंशांपर्यंत दूध चार तास टिकतं, एप्रिलात ते धरून चालू नका. पूर्ण गोठलेल्या जेल पिशव्यांसह इन्सुलेटेड बॅगेत २४ तास. घरी फ्रिजच्या दारात न ठेवता आत मागे ठेवा, चार दिवसांत वापरा. बाटलीवर तारीख घाला, म्हणजे रात्री पाजणाऱ्याला तुम्हाला उठवून विचारावं लागणार नाही.