झरीना हाश्मींच्या धर्तीवर नकाशा + शब्द असा वूडकट: लाकूड, कागद, खळ यांबद्दल सल्ला हवा

ठसेकर:
विषय स्थलांतर. सहा वूडकटची (लाकडी ठोकळा कोरून, शाई लावून घेतलेल्या छापांची) मालिका, प्रत्येकात घराचा किंवा गावाचा आराखडा आणि खाली एक मराठी शब्द. डोळ्यासमोर भारतीय मुद्राचित्रकार झरीनांची 'होम इज अ फॉरिन प्लेस' (१९९९) ही वूडकट मालिका आहे. आकार ८ × १० इंच. प्रेस नाही, हातानेच घासून छापणार. लाकूड कोणतं घ्यावं? आणि पातळ कागदावर छापून तो जाड कागदावर चिकटवणं प्रेसशिवाय जमतं का?

काळीशाई:
लाकडाआधी रेघ काळी हवी की पांढरी ते ठरवा, सगळं त्यावर अवलंबून आहे. कोरलेली रेघ पांढरी उमटते. झरीनांच्या 'डिव्हायडिंग लाइन'मध्ये (२००१) फाळणीची सीमारेषा काळी आहे, म्हणजे रेघ तेवढी ठेवून बाकीचा ठोकळा कोरून काढलाय. आजूबाजूला हत्याराचे जे ओरखडे शाई धरतात, ते त्यांनी छापू दिले. नवखे लोक हाच 'कचरा' साफ करत बसतात आणि चित्र मग छापील फॉर्मसारखं दिसतं.

उठावाची रेघ दीड मिमीपेक्षा बारीक नको. दोन्ही बाजूंना उतार द्या, पायथा रुंद ठेवा. खालून पोखरली गेली तर घासताना हमखास तुटते.

लाकडात सागवानी व्हिनियरचं प्लाय टाळा, वरचा थर फार पातळ असतो आणि कडेने उपटतो. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) चालेल, पण शाई पितो. कोरण्याआधी चपड्याचा एक हात मारा.

उलटीबाराखडी:
शब्दाबद्दल. शिरोरेषा लाकडाच्या रेषांना समांतर ठेवा. मग काने आणि दांडे आडवे पडतात आणि तेच कपचे होऊन निघतात. म्हणून त्यांच्या कडेने आधी चाकूने उभा काप घ्या, गोलची (गोल पात्याची पटाशी) नंतर चालवा. अक्षर ट्रेसिंग पेपरवर लिहून कागद उलटा करून उतरवा. 'इ'ची वेलांटी सरळ कोरून बसलेले ठोकळे कमी नाहीत!

झरीनांनी आधी शब्द ठरवले, ते उर्दू सुलेखनकाराकडून लिहून घेतले आणि मग चित्रं केली. तुम्हीही शब्दापासून सुरुवात करा. स्थलांतर म्हटलं की सुचणारी काटेरी तार आणि गाठोडी मग आपोआप गळतील.

खळखळ:
प्रेसशिवाय जमतं, पण छापणं आणि चिकटवणं वेगवेगळं करा. नेपाळी किंवा कोझो (जपानी) अशा पातळ, चिवट हातकागदावर छापा. तेलाची शाई पूर्ण वाळू द्या: एरवी ४-५ दिवस, पावसाळ्यात दुप्पट धरा.

खळ: मैदा १ भाग, पाणी ५ भाग. मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवा, मलमलीतून गाळा, गार झाल्यावर पाणी घालून ताकापेक्षा थोडी घट्ट करा. पुस्तक बांधणारे खळीत मोरचूद घालतात, तो इथे नको. तांब्याने कागद काळवंडतो आणि ठिसूळ होतो. ताजी खळ फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते, तेवढी पुरे.

छाप प्लास्टिकवर पालथा ठेवा, पाण्याचा फवारा मारा आणि दोन मिनिटं थांबा. ओला कागद पसरतो. तो आधीच पसरू दिला नाही तर खळ लागल्यावर पसरतो, आणि सुरकुत्या पडतात त्या याच. मग मधून बाहेर खळ लावा, २५० जीएसएमचा किंचित दमट कागद वर टेकवा, दाबून उलटा. टीपकागदांमध्ये घालून वजनाखाली २४ तास. पहिल्या तासात टीपकागद एकदा बदला. दोन्ही कागदांचे तंतू एकाच दिशेत नसतील तर वाळताना पन्हाळीसारखं वळतं.

काळीशाई:
एक वेगळा पर्याय. चितगावात जन्मलेले शिल्पकार-मुद्राचित्रकार सोमनाथ होर यांची 'वुंड्स' (जखमा) मालिका बघा, १९७१ पासूनची. शाईच नाही, पांढऱ्यावर पांढरं: मातीवर किंवा मेणावर चिरा पाडून सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्यावर कागदाचा लगदा दाबायचा. विषयाला वूडकटइतकंच जवळचं आहे आणि प्रेस लागत नाही. फोटोत मात्र नीट दिसत नाही, कडेने उजेड पडला तरच जखम दिसते.

ठसेकर:
लगद्याचं पुढच्या मालिकेत बघतो. मोठा काळा भाग ठिपकेदार येतोय, शाई वाढवू?

उलटीबाराखडी:
नको, रेघा बुजतील. शाईचा पातळ थर द्या आणि डावाच्या पाठीने छोट्या वर्तुळांत घासा. एक कोपरा धरून ठेवा, दुसऱ्या बाजूने कागद अर्धा उचलून बघा, फिकट असेल तिथे पुन्हा रोलर फिरवा आणि कागद तसाच परत टेकवा.